तीन महिनेही न टिकलेल्या बेसबॉल लीगचा इतिहास कसा लिहावा

इंटर-अमेरिकन लीग ११ एप्रिल १९७९ रोजी सुरू झाली आणि ३० जून १९७९ रोजी बंद पडली. पहिला आणि शेवटचा दिवस धरूनही तिचे आयुष्य ८१ दिवसांचे भरते. एवढ्या अल्पायुषी लीगबद्दल जे काही लिहिले जाते, त्यात बहुधा ती का बुडाली एवढेच सांगितलेले असते; ती चालू असताना मैदानावर काय घडत होते, याला दोन ओळीही मिळत नाहीत. अशा एखाद्या मायनर लीगचा, म्हणजे सर्वोच्च दर्जाच्या मेजर लीगच्या खालच्या लीगचा, इतिहास लिहू इच्छिणाऱ्यांनी काम कोठून सुरू करावे, कोणत्या क्रमाने पुढे न्यावे आणि कोठे जपून राहावे, हे मी याच लीगचे उदाहरण घेऊन सांगणार आहे. माझा आग्रह एकच आहे. लीग बंद पडणार हे आपल्याला ठाऊक असते, पण एप्रिलमध्ये मैदानात उतरलेल्या खेळाडूला ते ठाऊक नव्हते, आणि इतिहास त्याच्या बाजूने, दिवसामागून दिवस असाच लिहिला गेला पाहिजे.

आधी लीगचे स्थान निश्चित करा

अमेरिकेतील मायनर लीगची संघटना, म्हणजे नॅशनल असोसिएशन, ५ सप्टेंबर १९०१ रोजी शिकागो येथे स्थापन झाली आणि तिने लीगची दर्जानुसार वर्गवारी केली. पुढे वर्गांची नावे आणि संख्या बदलत गेली. १९६३ च्या फेररचनेत बी, सी आणि डी हे खालचे वर्ग रद्द झाले. त्यामुळे आपल्या लीगच्या वर्षी तिचा वर्ग कोणता होता आणि त्या वर्गाला त्या काळी काय अर्थ होता, हे आधी पाहावे. १९१० सालची डी वर्गाची लीग आणि १९७९ सालची ट्रिपल-ए, म्हणजे सर्वांत वरच्या मायनर वर्गाची, लीग एकाच मापाने मोजली, तर पुढची सगळी मांडणी चुकते. १९४९ साली एकूण ५९ मायनर लीग चालू होत्या, त्यामुळे त्या काळात एखादी लहान लीग बंद पडणे आणि १९७९ साली ट्रिपल-ए दर्जाची लीग हंगामाच्या मध्यात बंद पडणे या दोन घटनांचे वजन सारखे नाही.

वर्गाइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असतो तो पगाराचा: खेळाडूंचे पैसे कोण देत होते? १९७९ पर्यंत अमेरिकेतील बहुतेक मायनर संघ एखाद्या मेजर लीग संघाशी करारबद्ध झालेले होते. खेळाडू मेजर संघाचे असत, त्यांच्या पगाराचा भार तोच संघ उचलत असे, आणि स्थानिक मालकाला मुख्यतः मैदान, तिकिटे व जाहिराती पाहाव्या लागत. इंटर-अमेरिकन लीगचे सहाही संघ मात्र स्वतंत्र होते. दर्जा ट्रिपल-ए, पण पगार, विमानभाडे, हॉटेल आणि साहित्य या सगळ्याचा खर्च मालकांच्याच खिशातून जाणार होता. ही एक गोष्ट नीट समजून घेतली, की पुढच्या अनेक घटनांचा अर्थ आपोआप लागत जातो. म्हणूनच ती पहिल्या दोन परिच्छेदांतच वाचकाला सांगावी.

यानंतर संघांची यादी करावी. ही यादी करताना नावांचे अर्थही टिपून ठेवावेत, कारण मालकांनी आपला प्रेक्षक कोण मानला होता, हे नावांतून कळते. मायामीचा संघ अमिगोस, म्हणजे मित्र, काराकासचा मेट्रोपोलितानोस, माराकाइबोचा पेत्रोलेरोस, म्हणजे तेलक्षेत्रातले कामगार, पनामाचा बांकेरोस, म्हणजे बँकवाले, सांतो दोमिंगोचा असुकारेरोस, म्हणजे साखरवाले, आणि पोर्तो रिकोचा बोरिकुआस, म्हणजे त्या बेटावरचे लोक स्वतःला ज्या नावाने ओळखतात तेच नाव. तेल, बँका आणि साखर हे त्या त्या प्रदेशांचे मोठे धंदे होते. माराकाइबो ही व्हेनेझुएलातील सूलिया राज्याची राजधानी असल्यामुळे त्या संघाचा उल्लेख कधी शहराच्या, तर कधी राज्याच्या नावाने होतो. ते दोन वेगळे संघ समजण्याची चूक नवख्या अभ्यासकाकडून सहज होते.

आकड्यांची पडताळणी

बातम्या वाचण्याच्या आधी मी अंतिम गुणतक्ता हाती घेतो. तो छोटा असतो, पण त्यातून प्रश्न पुष्कळ निघतात. इंटर-अमेरिकन लीगचा तक्ता असा आहे: मायामी ५१ विजय व २१ पराभव, काराकास ३७ व २७, सांतो दोमिंगो ३८ व २९, माराकाइबो ३१ व ३६, पनामा १५ व ३६, आणि पोर्तो रिको १६ व ३९. पहिली पडताळणी सोपी आहे. प्रत्येक निकाली सामन्यात एक संघ जिंकतो आणि एक हरतो, म्हणून लीगमधील सर्व विजयांची बेरीज सर्व पराभवांच्या बेरजेइतकीच आली पाहिजे. येथे दोन्ही बेरजा १८८ येतात, म्हणजे निदान या बाबतीत तक्ता विश्वासार्ह आहे. जुन्या लहान लीगच्या छापील तक्त्यांत ही बेरीज अनेकदा जुळत नाही. तशा वेळी एखादा सामना एका संघाच्या खात्यात धरला आणि दुसऱ्याच्या खात्यातून सुटला, तक्रारीनंतर निकाल रद्द झाला, किंवा मध्येच बाहेर पडलेल्या संघाचे सामने नंतर पुसून टाकले गेले, अशी काही ना काही हकिकत सापडते. बेरीज न जुळणे हा शोधाचा धागा असतो. अंदाजाने आकडा दुरुस्त करून तो तोडू नये.

दुसरी पडताळणी विजयाच्या प्रमाणाची आणि अंतराची. मायामीने ७२ निकाली सामन्यांपैकी ५१ जिंकले, म्हणजे प्रमाण ०.७०८ झाले. आघाडीच्या संघापासूनचे अंतर काढण्यासाठी विजयांतील फरक आणि पराभवांतील फरक यांची बेरीज करून तिला दोनने भागतात. काराकासच्या बाबतीत विजयांचा फरक १४ आणि पराभवांचा ६, बेरीज २०, म्हणून अंतर १० सामन्यांचे. सांतो दोमिंगोचे अंतर याच रीतीने साडेदहा येते. सांतो दोमिंगोने काराकासपेक्षा एक सामना जास्त जिंकला असूनही तो तक्त्यात खाली आहे, याचे कारण त्याने सामने जास्त खेळले आणि दोन जास्त हरला. असे बारकावे वाचकाला समजावून सांगावेत, कारण केवळ विजयांचे आकडे पाहणाऱ्याला क्रम चुकला असे वाटेल.

माझ्या मते तिसरी पडताळणी सर्वांत जास्त काही शिकवते. प्रत्येक संघ १३० सामने खेळेल असे वेळापत्रक होते. सहा संघांचे मिळून ७८० होतात, आणि प्रत्येक सामन्यात दोन संघ असल्यामुळे प्रत्यक्ष सामने ३९०. त्यांपैकी १८८ निकाली झाले, म्हणजे निम्म्याहूनही थोडे कमी. आता संघनिहाय पाहा. पनामा आणि पोर्तो रिको हे दोन संघ १७ जून रोजी बाहेर पडले, म्हणजे त्यांना मिळालेले दिवस ६८; त्यांत पनामाचे ५१ आणि पोर्तो रिकोचे ५५ सामने निकाली झाले. काराकासला पूर्ण ८१ दिवस मिळूनही त्याचे निकाली सामने ६४ आणि मायामीचे मात्र ७२. एकाच लीगमध्ये, एकाच काळात ही तफावत कशी पडली? कोणत्या मैदानावर पावसाने सामने गेले, कोणता संघ वेळेवर पोहोचू शकला नाही, कोणते सामने पुढे ढकलले आणि मग खेळलेच गेले नाहीत, हे शोधायचे काम या एका प्रश्नातून तयार होते. म्हणून प्रत्येक संघासाठी तारखांचा एक कोष्टक-तक्ता करावा आणि प्रत्येक दिवशी खेळ झाला, रद्द झाला, प्रवास होता की विश्रांती होती, हे भरत जावे. हे कंटाळवाणे काम आहे, पण माझ्या अनुभवात इतिहासाचा कणा याच कोष्टकातून उभा राहतो.

वर्तमानपत्रे कशी वाचावीत

अशा लीगची कागदपत्रे सहसा उरत नाहीत. कार्यालय भाड्याचे असते, ते रिकामे होते आणि फायली जातात. म्हणून मुख्य आधार त्या त्या शहरातील दैनिकांचा. या लीगसाठी मायामीतील इंग्रजी दैनिके आणि काराकास, माराकाइबो, सांतो दोमिंगो, सान हुआन (पोर्तो रिकोची राजधानी) व पनामा येथील स्पॅनिश दैनिके ही दोन्ही वाचलीच पाहिजेत. केवळ इंग्रजी बातम्यांवर लिहिलेला इतिहास हा मायामी संघाचा इतिहास होतो. बाकीचे पाच संघ त्यात पाहुणे म्हणून येतात आणि हरून जातात. स्पॅनिश येत नसेल, तर निदान बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा छापील आकडे-तक्ता, वाचण्यापुरते शब्द शिकून घ्यावेत. तेवढे आठवड्याभरात जमते. एप्रिल, मे आणि जून यांसाठी आब्रिल, मायो आणि हुनिओ. जूनचा हुनिओ आणि जुलैचा हुलिओ यांत एकाच अक्षराचा फरक असल्यामुळे पुसट मायक्रोफिल्मवर विशेष काळजी घ्यावी लागते.

तारखांचा गोंधळ हा चुकांचा सर्वांत मोठा उगम आहे. सामने रात्री होत; सकाळच्या दैनिकात निकाल दुसऱ्या दिवशी येई, पण सामना उशिरा संपला किंवा तो दूरच्या शहरात असला, तर बातमी आणखी एक दिवस मागे पडे. संध्याकाळच्या दैनिकाचे वेळापत्रक पुन्हा वेगळे. मायामीत १९७९ साली 'मायामी हेरल्ड' सकाळी आणि 'मायामी न्यूज' दुपारनंतर निघत असे, म्हणून एकाच सामन्याची बातमी या दोघांत वेगवेगळ्या अंकांत शोधावी लागते. नोंद करताना अंकाची तारीख आणि सामन्याची तारीख यांचे रकाने नेहमी वेगळे ठेवावेत. १७ जूनला घेतलेल्या निर्णयाची बातमी १८ जूनच्या अंकात आली, तर निर्णयाची तारीख १८ होत नाही.

आणखी एक सावधगिरी. त्याच वर्षी मायामीत फ्लोरिडा स्टेट लीगचा 'मायामी ओरिओल्स' हा संघही खेळत होता. मथळ्यात नुसते 'मायामी विजयी' असेल, तर तो कोणता मायामी, हे प्रतिस्पर्ध्याच्या नावावरून ठरवावे. खेळाडूंच्या नावांतही असाच प्रश्न येतो. स्पॅनिश पद्धतीत वडिलांचे आणि आईचे अशी दोन आडनावे असतात, अमेरिकी वार्ताहर त्यांतले शेवटचे आडनाव खरे समजतो, आणि लाडके नाव तिसरेच असते. अशा रीतीने एका खेळाडूचे तीन खेळाडू होतात. जन्मतारीख, जन्मगाव आणि खेळण्याची जागा एकत्र ठेवल्याशिवाय नावे जोडू नयेत.

बॉक्स स्कोअर मिळाला, की तो छापल्याप्रमाणे खरा मानू नये. त्याची स्वतःची पडताळणी असते. एखाद्या संघाचे जितके फलंदाज प्लेटवर आले, त्यांतला प्रत्येक जण शेवटी तीनपैकी एका ठिकाणी जमा होतो: त्याने धाव काढली, तो बाद झाला, किंवा डाव संपताना तो बेसवर उरला. म्हणून फलंदाजाच्या खात्यात धरल्या जाणाऱ्या संधी, म्हणजे अधिकृत अॅट-बॅट, बेस ऑन बॉल्स (चार चुकीच्या चेंडूंमुळे मिळालेले बेस), चेंडू लागून मिळालेले बेस, सॅक्रिफाइस (सहकाऱ्याला पुढे नेण्यासाठी स्वतः बाद होणे) आणि कॅचरच्या अडथळ्यामुळे मिळालेले बेस यांची बेरीज ही धावा, बेसवर उरलेले खेळाडू आणि प्रतिस्पर्धी संघाचे पुटआउट (त्यांनी बाद केलेले फलंदाज) यांच्या बेरजेइतकी आली पाहिजे. न आल्यास दुसऱ्या शहराच्या दैनिकातील बॉक्स स्कोअर पाहावा. दोन्ही शहरांतील अंक शेजारी ठेवले, की चुकलेला आकडा बहुतेक वेळा सापडतो.

दैनिकांखेरीज 'द स्पोर्टिंग न्यूज' हे त्या काळचे साप्ताहिक आणि त्यांची वार्षिक गाइड उपयोगी पडतात. कूपरस्टाउन येथील बेसबॉल हॉल ऑफ फेमच्या ग्रंथालयात खेळाडूंच्या कात्रणांच्या फायली आहेत. आणि १९७१ साली कूपरस्टाउनमध्येच स्थापन झालेल्या सोसायटी फॉर अमेरिकन बेसबॉल रिसर्चचे सभासद मायनर लीगवर सातत्याने काम करतात.

नकाशा आणि ऋतू

लीगचा नकाशा काढल्याशिवाय लिहायला बसू नये. जुन्या मायनर लीग आगगाडीच्या आणि नंतर बसच्या टप्प्यावर उभ्या राहिल्या; रात्रीचा सामना संपवून संघ बसमध्ये बसे आणि सकाळी दुसऱ्या गावी उतरे. इंटर-अमेरिकन लीगमध्ये मायामीच्या संघाला घराबाहेरच्या प्रत्येक दौऱ्यासाठी समुद्र ओलांडावा लागत होता. मायामी ते काराकास हे हवाई अंतर सुमारे २,२०० किलोमीटर आहे. सहा शहरे चार देशांत आणि शिवाय अमेरिकेच्या अखत्यारीतील पोर्तो रिको बेटावर पसरलेली होती, म्हणजे विमानभाड्याबरोबर व्हिसा, जकात आणि वेगवेगळी चलनेही आली. त्यातच १९७९ हे इराणमधील क्रांतीनंतर तेलाच्या किमती भडकलेले वर्ष. व्हेनेझुएलासारख्या तेल विकणाऱ्या देशाला आणि विमानाने फिरणाऱ्या बेसबॉल संघाला त्याच दरवाढीचे परिणाम अगदी उलटे भोगावे लागले, हे माझ्या लेखनात मी आवर्जून नोंदवीन.

ऋतूचाही विचार करावा. व्हेनेझुएला, डॉमिनिकन प्रजासत्ताक आणि पोर्तो रिको येथील व्यावसायिक बेसबॉलचा मुख्य हंगाम हिवाळ्यातला; तो साधारण ऑक्टोबरपासून जानेवारीपर्यंत चालतो, अमेरिकेतील खेळाडू तेव्हा मोकळे असतात आणि प्रेक्षकांची निष्ठाही त्या हिवाळी संघांशी बांधलेली असते. नव्या लीगने याच शहरांकडे उन्हाळ्यात, नवी नावे घेऊन प्रेक्षक मागितले. पनामात मे महिन्यापासून पावसाळा सुरू होतो. हवामानाच्या नोंदी आणि आपला तारखांचा कोष्टक-तक्ता शेजारी ठेवून 'पावसामुळे सामने गेले' या विधानाला तारखा आणि संख्या जोडावी. तारखा नसलेले असे विधान इतिहासात ठेवू नये.

माणसांबद्दल लिहिताना

लीगचा अध्यक्ष बॉबी मादुरो याच्याकडे मात्र पुरेसा वेळ द्यावा, कारण १९७९ ची लीग ही त्याच्या जुन्या, अर्धवट राहिलेल्या कामाचा पुढचा भाग होती. क्यूबाची राजधानी हवाना येथे १९४६ साली उघडलेले ग्रान स्टेडियम उभारणाऱ्यांत तो होता. त्याचा 'शुगर किंग्ज' संघ १९५४ साली ट्रिपल-ए दर्जाच्या इंटरनॅशनल लीगमध्ये आला. 'आणखी एक पाऊल, की पोहोचलो' हे त्या संघाचे स्पॅनिश घोषवाक्य होते आणि ते पाऊल मेजर लीगचे होते. १९५९ साली त्या संघाने मिनियापोलिसला हरवून ज्युनिअर वर्ल्ड सिरीज, म्हणजे ट्रिपल-ए लीगच्या विजेत्यांची अंतिम लढत, जिंकली. पुढच्याच वर्षी, जुलै १९६० मध्ये, हंगाम चालू असताना तो संघ हवानाहून जर्सी सिटीला हलवला गेला. मादुरोने क्यूबा सोडली, तिथले त्याचे सर्व काही गेले, आणि पुढे बेसबॉल कमिशनरच्या कार्यालयात तो लॅटिन अमेरिकी देशांशी संबंधांचे काम पाहत होता. कॅरिबियन समुद्राभोवतीच्या शहरांना एका उच्च दर्जाच्या लीगमध्ये बांधण्याची त्याची इच्छा १९७९ मध्ये अचानक उगवलेली नव्हती. हे न सांगता त्याला केवळ एका फसलेल्या धंद्याचा चालक म्हणून रंगवणे हा मला अन्याय वाटतो.

खेळाडूंच्या बाबतीत उलटा मोह टाळावा लागतो. मायामीचा व्यवस्थापक डेव्ही जॉन्सन याची ती पहिलीच व्यवस्थापकीय नेमणूक. त्यानेच पुढे १९८६ साली न्यूयॉर्क मेट्सला वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, जिंकून दिली. सांतो दोमिंगोकडून खेळलेला सिटो गॅस्टन याने टोरोंटो ब्लू जेजचा व्यवस्थापक म्हणून १९९२ आणि १९९३ अशा सलग दोन वर्ल्ड सिरीज जिंकल्या. ही माहिती द्यावी, पण तिच्या जागी. या दोघांभोवती सगळी गोष्ट विणली, तर लीग ही त्यांच्या चरित्राची प्रस्तावना होऊन बसते आणि ज्या खेळाडूंसाठी हा शेवटचा व्यावसायिक हंगाम होता, ते नाहीसे होतात. प्रत्येक संघातून निदान दोन असे खेळाडू निवडावेत, की जे आधी मेजर लीगमध्ये खेळून आले होते किंवा तिथे कधीच पोहोचले नाहीत, आणि त्यांचे १९७८ व १९८० हे दोन्ही हंगाम शोधावेत. त्यावरून लीगच्या खेळाचा दर्जाही मोजता येतो.

कारणे आणि शेवट

कारणांचे प्रकरण सर्वांत शेवटी लिहावे आणि त्यात प्रत्येक कारणाला तारीख जोडावी. अपुरे भांडवल, महाग प्रवास, पाऊस, कमी प्रेक्षक, एका संघाची एकतर्फी आघाडी अशी यादी कोणत्याही बुडालेल्या लीगला लागू पडते, म्हणून ती यादी म्हणून निरुपयोगी आहे. कोणते कारण आधी आले आणि त्याने दुसरे कसे ओढून आणले, ते दाखवावे. उदाहरणार्थ, पनामा आणि पोर्तो रिको बाहेर पडले तेव्हा ते तक्त्यात तळाशी होते, हे खरे. पण स्वतंत्र संघाचे सामने पावसाने किंवा प्रवासाने बुडाले, की तिकिटांचे पैसे बुडतात आणि पगार मात्र थांबत नाहीत, म्हणून त्यांचे पराभव आधी पाहावेत की त्यांचे न झालेले सामने, हे आपल्या कोष्टकाला विचारावे. दोन संघ गेल्यावर उरलेल्या चौघांना नवे वेळापत्रक हवे होते, आणि त्या चौघांनी आणखी १३ दिवस काढले. या १३ दिवसांतील प्रत्येक सामन्याची बातमी मिळेल तेथून मिळवावी. बहुतेक लेखक १७ जूनवरून थेट ३० जूनवर उडी मारतात. या दिवसांत मैदानात उतरलेल्या खेळाडूंना तिकिटे विकत घेऊन कोण पाहायला येत होते, हा प्रश्न मग कोणी विचारतच नाही.

३० जूननंतर थोडे पुढे जावे. जुलैमध्ये कोणाला दुसरा संघ मिळाला, कोण हिवाळी हंगामाची वाट पाहत घरी परतला, कोणाचा पगार थकला, याच्या नोंदी जुलै-ऑगस्टच्या अंकांत लहान टाइपात विखुरलेल्या असतात. निकारागुआचा पिचर पोर्फी आल्तामिरानो मायामीकडून खेळला आणि १९८२ साली फिलाडेल्फिया फिलीजकडून मेजर लीगमध्ये उतरला; असा एकेका नावाचा माग काढत संपूर्ण यादी तपासावी. मादुरो १९८६ साली वारला आणि पुढच्या वर्षी मायामी स्टेडियमला त्याचे नाव देण्यात आले. ते स्टेडियम २००१ साली पाडले गेले, त्यामुळे तेथील खेळाचे वर्णन करायचे असेल, तर जुनी छायाचित्रे, जुने नकाशे आणि त्या गॅलऱ्यांत बसून सामना पाहिलेल्यांच्या मुलाखती यांवरच काम करावे लागेल, आणि मुलाखतींचे काम सर्वांत आधी हाती घ्यावे, कारण १९७९ साली वीस वर्षांचा असलेला प्रेक्षक आता साठीच्या पुढे आहे.